लारावेलमध्ये मॉडेल कसं बांधायचं: कृषी सेवा केंद्राचं बिल, लॉट नंबर आणि उधारी



मागच्या व्हिडिओंत आपण लारावेल इन्स्टॉल केलं, डेटाबेस जोडला आणि पहिलं मायग्रेशन चालवलं. आजचा विषय मॉडेल. कोड व्हिडिओत एकेक ओळ टाइप करून दाखवला आहे, म्हणून तो इथे परत देत नाही. इथे आपण त्या कोडमागचा विचार समजून घेऊ. टेबलं अशीच का पाडली, अमुक कॉलम का ठेवला आणि तमुक का टाळला, हे कळलं तर उद्या किराणा, हार्डवेअर किंवा मेडिकलचं सॉफ्टवेअर करतानाही हेच कामाला येईल. व्हिडिओ बघताना हा लेख शेजारी उघडा ठेवा.

उदाहरण कृषी केंद्राचंच का?

किनवटसारख्या तालुक्याच्या ठिकाणी सॉफ्टवेअरचं काम शोधायला निघालात, तर कृषी सेवा केंद्र हे दारात उभं असलेलं गिऱ्हाईक आहे. इस्लापूर, बोधडी, मांडवी इथून शेतकरी येतात. मृगाचा पाऊस पडला की आठ-पंधरा दिवस काउंटरवर उभं राहायला जागा नसते. माल जूनमध्ये जातो, पैसे सोयाबीन-कापूस निघाल्यावर येतात. म्हणजे तीन गोष्टी एकत्र आल्या: गर्दी, उधारी आणि सहा महिन्यांनी होणारा हिशोब. डेटा मॉडेल कच्चं असेल तर ते इथे लगेच उघडं पडतं.

आणि यात पणाला लागलेलं असतं ते शेतकऱ्याचं नुकसान. २०२० चा खरीप आठवा. मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून हजारो तक्रारी आल्या होत्या. बियाणं उगवलं नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार द्यावी लागते, समिती शेतात येऊन पंचनामा करते. त्या वेळी पहिली गोष्ट विचारतात ती बिलाची पावती, आणि पावतीवरचा लॉट नंबर. बियाणे नियंत्रण आदेश १९८३ नुसार विक्रेत्याने प्रत्येक खरेदीदाराला रोख किंवा उधारीचं बिल द्यायलाच हवं. तुमच्या सॉफ्टवेअरने त्या बिलावर चुकीचा लॉट छापला, तर शेतकऱ्याचा दावा कमजोर पडतो. कॉलम एकच, पण त्याच्यावर एका घराचा हंगाम अवलंबून असतो.

मुख्य मुद्दा: बदलणारं वेगळं, घडलेलं वेगळं

आजच्या धड्यातली एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल. दुकानात दोन प्रकारची माहिती असते.

१. बदलत राहणारी: मालाचा आजचा भाव, जीएसटीचा आजचा दर, शेतकऱ्याचा मोबाईल नंबर, गावाचा तालुका.

२. घडून गेलेली: १० जूनला अमुक शेतकऱ्याने अमुक लॉटच्या तीन पिशव्या अमुक भावाने नेल्या.

पहिली माहिती रोज बदला, काही बिघडत नाही. दुसरी कधीच बदलायची नाही. जुने मुनीम हे आपल्याआधीपासून पाळत आलेत. रोजकीर्दीत ओळ लिहिली की ती खोडायची नाही. चूक झाली तर उलटी नोंद करायची. आणि बाकी किती, हे खतावणीत बेरीज-वजाबाकी करून काढायचं. आपण लारावेलमध्ये नेमकं हेच करणार आहोत.

सहा मॉडेल

- शेतकरी: नाव, गाव, मोबाईल.
- माल: नाव, प्रकार (बियाणं, खत, औषध, अवजार), आजचा भाव, आजचा जीएसटी दर.
- लॉट: कोणता माल, लॉट किंवा बॅच नंबर, मुदत, किती आला.
- बिल: बिल नंबर, तारीख, कोणाचं, त्या दिवशीचं नाव-पत्ता.
- बिलओळ: कोणत्या बिलाची, कोणता लॉट, किती नग, भाव, जीएसटी दर, रक्कम.
- जमा: कोणाची, तारीख, रक्कम, रोख की ऑनलाईन.

मॉडेल बनवायची कमांड तुम्हाला माहीत आहे: पीएचपी आर्टिसन मेक मॉडेल, पुढे नाव, आणि सोबत मायग्रेशन हवं म्हणून डॅश एम. इथे एक गंमत आहे. एलोक्वेंट मॉडेलच्या नावावरून टेबलचं नाव स्वतः ठरवतं, आणि ते इंग्रजी व्याकरणाने. म्हणजे मॉडेलचं नाव 'शेतकरी' ठेवलंत तर ते 'शेतकरीज' किंवा 'शेतकरीस' अशा धाटणीचं टेबल शोधायला जाईल. नवशिक्यांना 'टेबल सापडलं नाही' ही एरर इथेच येते. उपाय सोपा: मॉडेलमध्ये टेबल नावाच्या प्रॉपर्टीत टेबलचं खरं नाव लिहून टाका. आणि डेटाबेसचा कॅरेक्टर सेट यूटीएफ-८-एमबी-४ आहे ना, हे बघून घ्या, म्हणजे मराठी नावं नीट राहतील.

नाती अशी: शेतकरी हॅज मेनी बिल, शेतकरी हॅज मेनी जमा, बिल हॅज मेनी बिलओळ, माल हॅज मेनी लॉट. उलट बाजूने बिलॉन्ग्ज टू. बिलओळ मालाला थेट जोडलेली नाही, ती लॉटला जोडली आहे. हे मुद्दाम केलंय. ओळ मालाला जोडली तर 'सोयाबीन दिलं' एवढंच कळतं. लॉटला जोडली तर 'या लॉटचं सोयाबीन दिलं' हे कळतं. पंचनाम्याच्या दिवशी लागतं ते हेच.

शेतकरी ओळखायचा कसा?

नाव युनिक ठेवू नका. एका तांड्यावर एकाच नावाचे तीन राठोड सहज सापडतात. मोबाईलही युनिक ठेवू नका. दोघा भावांचा मिळून एकच नंबर असतो, आणि सिम बदललं की नंबर बदलतो. ओळख म्हणजे आयडी. शोधण्यासाठी नाव, वडिलांचं नाव, गाव हे सगळं वापरा, पण खातं आयडीला बांधा. नाहीतर एकाची जमा दुसऱ्याच्या खात्यावर जाते, आणि दुकानात जो वाद होतो तो सॉफ्टवेअरमधून मिटत नाही.

भाव आणि दर बिलओळीत कॉपी करायचे

बरेच जण विचारतात, "सर, भाव माल टेबलात आहेच, मग बिलओळीत परत कशाला? डुप्लिकेट नाही का होत?" नाही होत. माल टेबलातला भाव 'आज कितीला विकतो' हे सांगतो. ओळीतला भाव 'त्या दिवशी कितीला विकला' हे सांगतो. आकडा सारखा दिसला तरी अर्थ वेगळा.

ताजं उदाहरण घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. तुषार आणि ठिबक सिंचन संच १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. समजा, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये बिल छापताना दर माल टेबलातून येतो. दुकानदाराने २२ तारखेला सकाळी दर बदलला. त्याच क्षणी ऑगस्टमधली सगळी जुनी बिलंही ५ टक्क्यांनी छापायला लागली! रिटर्न भरलं १२ ने, बिल दिसतंय ५ ने. ऑगस्टचा संच ऑक्टोबरमध्ये परत आला तर क्रेडिट नोटवर मूळ बिलाचाच दर लागायला हवा, आणि तो दर तर आता कुठेच शिल्लक नाही.

खताचं बघा. जीएसटी १ जुलै २०१७ ला लागू झाला. खतावर १२ टक्के ठरले होते, ते आदल्याच दिवशी ५ टक्के केले. म्हणजे दर एका दिवसात बदलू शकतो, हे धरूनच मॉडेल बांधायचं.

नाव-पत्त्याचंही तसंच. माहूर आज वेगळा तालुका आहे, पूर्वी तो किनवट तालुक्यातच होता. २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. गाव-तालुक्याच्या टेबलात नवीन नाव खुशाल टाका. पण बिल फाडलं त्या दिवशी जे नाव-पत्ता होता, तो बिलातच अक्षरांत लिहून ठेवा.

पैसे पैशांत ठेवा

रकमेसाठी फ्लोट वापरू नका. पीएचपीत ०.१ आणि ०.२ ची बेरीज फ्लोटमध्ये बरोबर ०.३ येत नाही, हे व्हिडिओत करून दाखवलंय. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना जाते. आपण ती २६,६५० पैसे अशी पूर्णांकात ठेवणार, आणि दाखवताना शंभराने भागणार. मॉडेलमधल्या कास्ट्समध्ये इंटिजर लिहिलं की काम झालं. डेसिमल कॉलमही चालतो, पण एलोक्वेंटचा डेसिमल कास्ट स्ट्रिंग परत देतो, हे ध्यानात ठेवा.

राऊंडिंगचं एक गणित बघा. डीएपीची गोणी १,३५० रुपये, त्यात ५ टक्के जीएसटी धरलेला. करपात्र रक्कम १,२८५.७१. त्यावर २.५ टक्के सीजीएसटी ३२.१४ आणि तेवढाच एसजीएसटी ३२.१४. बेरीज १,३४९.९९. एक पैसा कमी पडला. तो लपवू नका. बिलात 'राऊंड ऑफ' असा वेगळा कॉलम ठेवा.

एक सूचना: अनुदानित खताची विक्री पॉस मशीनवरच करावी लागते. आपलं सॉफ्टवेअर त्याची जागा घेत नाही, ते दुकानाचा हिशोब ठेवतं. गिऱ्हाईकाला हे आधीच स्पष्ट सांगा.

बाकी कॉलममध्ये ठेवायची नाही

शेतकरी टेबलात 'बाकी' नावाचा कॉलम ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. उधार दिलं की वाढवायची, पैसे आले की कमी करायची. सोपं वाटतं. आता हे खातं बघा.

- १० जून: बियाणं ३ पिशव्या, समजा २,६०० रुपयांप्रमाणे, ७,८०० (पेरणीच्या बियाण्याला जीएसटी नाही). डीएपी ४ गोण्या, ५,४००. युरिया ४ गोण्या, १,०६६. एकूण १४,२६६.
- ५ जुलै: जमा ५,०००. बाकी ९,२६६.
- ८ जुलै: न फोडलेली १ पिशवी परत, २,६००. बाकी ६,६६६.

५ जुलैला नेट हळू होतं आणि मुलाने सेव्हचं बटण दोनदा दाबलं. 'बाकी' कॉलम असेल तर ५,००० दोनदा वजा होतील आणि ८ जुलैला बाकी दिसेल १,६६६. दुकानदाराचे पाच हजार गेले, आणि का गेले याचा मागमूस नाही. उलटही होतं: जमेची एन्ट्री अर्ध्यात अडकते, बाकी तशीच राहते आणि शेतकऱ्याकडून तेच पैसे परत मागितले जातात. त्याच्याकडे पावती नसेल तर तो काय दाखवणार?

म्हणून बाकी साठवायची नाही, काढायची. बिलांची बेरीज, वजा परताव्याची बेरीज, वजा जमेची बेरीज. जमा दोनदा पडली तरी दोन ओळी समोर दिसतात आणि उलटी नोंद करून दुरुस्त होतात. दोनदा पडूच नये म्हणून फॉर्मसोबत एक टोकन पाठवा आणि जमा टेबलात त्या टोकनला युनिक इंडेक्स द्या. दुसरी एन्ट्री डेटाबेसच नाकारेल.

दोन बारीक गोष्टी. पहिली, रोखीचं बिल म्हणजे बिल अधिक त्याच वेळची जमा. फक्त बिल टाकलंत तर रोख गिऱ्हाईकही बाकीदार दिसेल. दुसरी, वहीतली जुनी बाकी. सॉफ्टवेअर सुरू करायच्या दिवशी ती 'मागील बाकी' अशी तारखेसह एक नोंद म्हणून घ्या आणि बेरजेत धरा.

बिल सेव्ह करताना: सगळं किंवा काहीच नाही

बिल, त्याच्या ओळी, रोखीची जमा हे सगळं एकाच डीबी ट्रान्झॅक्शनमध्ये टाका. मध्येच वीज गेली तर अर्धं बिल राहता कामा नये.

मृगाच्या गर्दीत दोन काउंटर चालू असतात. एका लॉटची शेवटची पिशवी शिल्लक आहे आणि दोघांनीही ती विकली. मग कागदावर विक्री जास्त, आणि दुसऱ्या शेतकऱ्याला प्रत्यक्षात दुसऱ्याच लॉटची पिशवी हातात पडली. बिलावरचा लॉट चुकला! हे टाळायला ट्रान्झॅक्शन सुरू झाल्यावर आधी त्या लॉटची ओळ लॉक फॉर अपडेट लावून वाचा, मग आलेला वजा विकलेला अधिक परत आलेला असा शिल्लक साठा काढा, आणि मगच ओळ टाका. दुसरा काउंटर तेवढा क्षण थांबेल.

बिल नंबर म्हणून टेबलचा आयडी वापरू नका. ट्रान्झॅक्शन फसलं तरी ऑटो इन्क्रिमेंटचा नंबर पुढे सरकतो आणि मध्ये खंड पडतो. जीएसटी बिलाला आर्थिक वर्षात सलग आणि न दुहेरी होणारा नंबर लागतो, जास्तीत जास्त १६ अक्षरांचा. वर्ष आणि नंबर असे दोन कॉलम ठेवा आणि दोन्हींवर मिळून युनिक इंडेक्स लावा.

कुलूप कुठे कुठे लावायचं

१. फिलेबलमध्ये भाव आणि जीएसटी दर टाकू नका. ब्राउझरमध्ये फॉर्म उघडून कोणीही भावाचं फील्ड घुसवू शकतो. फॉर्ममधून फक्त लॉट आणि नग घ्या, भाव सर्व्हरवर माल मॉडेलमधून उचला. दुकानदाराला सूट द्यायची असेल तर सुटीचा वेगळा कॉलम ठेवा.

२. बिलओळीच्या अपडेटिंग आणि डिलीटिंग इव्हेंटमध्ये एक्सेप्शन फेका, म्हणजे झालेली ओळ बदलता येणार नाही. पण हे पक्कं लक्षात ठेवा: क्वेरीवरून एकदम अनेक ओळी अपडेट केल्या तर हे मॉडेल इव्हेंट चालतच नाहीत. म्हणून अशी क्वेरी बिलओळीवर लिहायचीच नाही, हा नियम पाळा.

३. फॉरेन की ला कॅस्केड ऑन डिलीट देऊ नका. शेतकरी उडवला की त्याची बिलं उडतील. रिस्ट्रिक्ट ऑन डिलीट द्या. शेतकरी आणि माल यांना सॉफ्ट डिलीट लावा. मात्र मग जुन्या बिलावर 'शेतकरी सापडत नाही' असं होतं, कारण सॉफ्ट डिलीट झालेली ओळ नात्यातूनही लपते. बिलॉन्ग्ज टू च्या पुढे विथ ट्रॅश्ड जोडा.

यादी पटकन यायला हवी

दिवाळीच्या आधी दुकानदार बाकीदारांची यादी काढतो. २०० शेतकरी असतील आणि लूपमध्ये प्रत्येकाची बिलं आणि जमा वेगळी मागवली, तर ४०१ क्वेरी होतात. साध्या शेअर्ड होस्टिंगवर पान लटकतं. यालाच एन प्लस वन म्हणतात. त्याऐवजी शेतकऱ्यांच्या क्वेरीलाच विथ सम लावा, एकदा बिलांसाठी, एकदा जमेसाठी. बेरीज डेटाबेस करून देतो. डेव्हलपमेंटमध्ये प्रिव्हेंट लेझी लोडिंग चालू ठेवा, म्हणजे अशी चूक झाली की लगेच एरर येईल.

आणि आता ज्यासाठी हे सगळं केलं ती यादी. एखाद्या लॉटच्या उगवणीची तक्रार आली. व्हेअर हॅज वापरून 'ज्या बिलांच्या ओळीत हा लॉट आहे अशी सगळी बिलं' मागवा. कोणी नेलं, किती नेलं, कोणत्या तारखेला, मोबाईल काय, सगळं एका क्वेरीत. दुकानदार बाकीच्या शेतकऱ्यांना फोन करून सांगू शकतो की पेरलं नसेल तर थांबा. वही चाळत बसलं तर यात दोन दिवस जातात, आणि पेरणीच्या हंगामात दोन दिवस फार महाग पडतात.

गृहपाठ

१. सहा मॉडेलची मायग्रेशन लिहा आणि वरचं १४,२६६ चं खातं सीडरमधून भरा. बाकी ६,६६६ यायला हवी.

२. माल टेबलात डीएपीचा भाव बदला. जूनचं बिल परत उघडा. एक पैसाही हलला तर तुमचं मॉडेल चुकलंय.

३. माल परत घेण्यासाठी तुम्ही वेगळं मॉडेल कराल, की बिलालाच 'प्रकार' कॉलम द्याल? दोन्ही चालतं. काय निवडलं आणि का, ते दोन ओळींत वहीत लिहा. भाव आणि जीएसटी दर मात्र दोन्हीकडे मूळ बिलओळीतूनच आला पाहिजे.

४. जवळच्या कृषी केंद्रात जाऊन एक जुनं बिल बघा. त्यावर असलेली पण आपल्या मॉडेलमध्ये नसलेली एक तरी गोष्ट शोधून आणा.

चौथा प्रश्न सोडू नका. मॉडेलमध्ये काय हवं हे काउंटरवर उभं राहिल्यावरच कळतं.

पुढच्या भागात आपण याच मॉडेलवर खातेउतारा आणि पावतीची पीडीएफ बनवू, मराठी अक्षरं न तुटता. तोपर्यंत सराव चालू ठेवा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!